तालुक्याच्या दवाखान्यातली ‘रक्ताची खोली’ आणि गोळ्यांची खिडकी : एक अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, नागपूर–हैदराबाद महामार्गालगतच्या एका तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे. त्यात एचआयव्हीचे समुपदेशन व तपासणी केंद्र चालते आणि त्याच्या शेजारच्या खिडकीतून औषधोपचार सुरू असलेल्या रुग्णांना गोळ्या मिळतात. सरकारी पाटीवरची नावे लांबलचक आहेत. लोक पहिलीला ‘आयसीटीसी’ किंवा नुसते ‘रक्ताची खोली’ म्हणतात आणि दुसरीला ‘लिंक’. हा अभिप्राय या दोन्हींबद्दल आणि त्यांना जोडून असलेल्या क्षयरोग तपासणी, गुप्तरोगांचे उपचार व प्रसूतिकक्ष यांच्याबद्दल आहे. मी स्वतः रुग्ण नाही. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे आणि आसपासच्या गावांतील ज्यांना एकट्याने जाण्याचा धीर होत नाही त्यांच्यासोबत जातो. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही, कारण तालुका लहान आहे आणि नाव लिहिले की तिथे जाणारी माणसेही ओळखू येतील.

अभिप्रायासाठी माप कोणते लावायचे हे आधी ठरवायला हवे. नागपूरच्या मोठ्या खाजगी रुग्णालयाशी तुलना करून इथल्या गळक्या छताला नावे ठेवणे सोपे आहे, पण त्यातून काही कळत नाही. एचआयव्ही आणि क्षयरोगावरचे गेल्या तीस वर्षांतले पुष्कळसे उपयोगी संशोधन युगांडा, मलावी, कॅमेरून, दक्षिण आफ्रिका, पेरू आणि आपल्याकडे पुणे, चेन्नई, सेवाग्राम अशा ठिकाणी झाले. त्यातल्या अनेक ठिकाणी वीज भरवशाची नसते, डॉक्टर कमी असतात आणि दवाखान्यात यायचे म्हणजे रुग्णाला रोजी बुडवावी लागते. त्या संशोधनाने जे सिद्ध केले त्यातले आमच्या तालुक्यात किती पोहोचले, एवढाच प्रश्न मी मनाशी ठेवला. गोळ्या आणि यंत्रे पोहोचली आहेत. रुग्णाचा वेळ आणि त्याचे अंतर यांबद्दल जे सिद्ध झाले आहे ते अजून वाटेतच आहे, असे माझे मत झाले.

तपासणी ही या केंद्राची सर्वांत जमेची बाजू आहे. केसपेपर काढल्यावर माणूस आधी समुपदेशकाकडे जातो आणि मगच रक्त घेतले जाते. समुपदेशक बाई दार लोटून घेतात, तपासणी कशासाठी आहे, निकाल काय येऊ शकतो, तो कोणाला सांगितला जाईल आणि कोणाला सांगितला जाणार नाही हे साध्या वऱ्हाडीत समजावतात आणि त्यानंतर संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा घेतात. २०१७ साली संमत झालेल्या आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने माहितीपूर्ण संमती आणि गोपनीयता ही बंधनेच घातली आहेत. कायद्यातल्या पुष्कळ गोष्टी कागदावर राहतात. ही मात्र या खोलीत पाळली जाते. रक्तासाठी हाक मारताना नाव न घेता क्रमांक पुकारतात. जिनिंगमध्ये काम करणारे एक गृहस्थ बाहेर पडल्यावर मला म्हणाले, “सर, अठी कोनी नाव जोरात घेत नाई, थेच बरं हाय.” सेवेचे यापेक्षा नेमके मूल्यमापन मला करता येणार नाही.

पहिल्या किटचा निकाल साधारण अर्ध्या तासात कळतो. तो निगेटिव्ह आला तर काम संपते. जोखीम अलीकडेच घडली असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात, कारण शरीरात प्रतिपिंडे तयार होण्याआधी केलेली तपासणी लागण असूनही निगेटिव्ह दाखवू शकते. पहिला निकाल पॉझिटिव्ह आला तरी तेवढ्यावर निदान सांगत नाहीत. वेगळ्या पद्धतीने बनवलेल्या आणखी दोन किटवर तपासणी होते आणि तिन्ही निकाल जुळले तरच रुग्णाला सांगितले जाते. यामागचे गणित मी लोकांना पुष्कळदा समजावतो. समजा, एखादे किट हजारातल्या पाच निरोगी माणसांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते आणि त्या हजारांत खरोखर लागण झालेले दोघेच आहेत. तर त्या किटने दाखवलेल्या सात पॉझिटिव्हपैकी पाच जण निरोगी निघतील. आजार जितका विरळ, तितका एकाच किटवर विसंबण्याचा धोका मोठा. तालुक्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेने हा धोका न ओळखता एकाच किटवर एका तरुणाच्या हाती पॉझिटिव्हचा कागद दिला होता. केंद्रातल्या तपासणीत तो निगेटिव्ह ठरला, पण तोवर त्याची ठरलेली सोयरीक मोडली होती. पैसे देऊन केलेली तपासणी चांगली आणि फुकटची संशयास्पद, हा आपल्याकडचा पक्का समज एचआयव्हीच्या बाबतीत तरी सोडून द्यावा.

तंत्रज्ञ एकच आहेत आणि त्याच टेबलावर हिवताप, सिकलसेल आणि गरोदर मातांच्या रक्ताच्या तपासण्याही त्यांनाच कराव्या लागतात. वैशाखात इथला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. काही किट २ ते ८ अंशांत, तर काही फार तर ३० अंशांपर्यंतच ठेवायची असतात, त्यामुळे शीतकपाट आणि त्यामागचा इन्व्हर्टर हा या सेवेचा कणा आहे. शीतकपाटाच्या दारावर तापमानाची वही टांगलेली असते आणि ती रोज भरलेली दिसते. बाहेरून आलेल्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल, पण किटच्या निकालावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवण्यासाठी मी सगळ्यात आधी ती वहीच पाहतो.

बसण्याच्या जागेबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. एचआयव्हीच्या तपासणीला आलेले, लिंकच्या गोळ्या न्यायला आलेले आणि बेडका तपासायला आलेले खोकणारे रुग्ण असे सगळे एकाच व्हरांड्यात बसतात. ज्यांची प्रतिकारशक्ती घटलेली आहे त्यांना क्षयरोग लवकर गाठतो, आणि म्हणून ही एकत्र बैठक चांगली नाही. हा धोका केवळ रुग्णांनाच आहे असेही नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची तपासणी झाली होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे निम्म्या जणांमध्ये क्षयाच्या जंतूंचा सुप्त संसर्ग आढळला. आपल्या विदर्भातच झालेला हा अभ्यास या व्हरांड्याच्या भिंतीवर लावून ठेवावा, असे मला वाटते.

सुदैवाने इमारत जुनी आहे. छत उंच, खिडक्या समोरासमोर आणि बहुतेक वेळ उघड्या. पेरू देशातील लिमा शहरात आठ रुग्णालयांतल्या सत्तर खोल्यांची हवा मोजणारा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोल्यांत दारेखिडक्या उघडल्या की हवा इतकी खेळते की यंत्राने हवा पुरवणाऱ्या आधुनिक खोल्यांपेक्षाही तिथे क्षयाच्या संसर्गाचा धोका कमी राहतो, असे दिसून आले. आता रुग्णालयाची नवी इमारत होणार असल्याचे ऐकतो. त्यात खोट्या छताचा आणि वातानुकूलित यंत्राचा मोह कोणाला होऊ नये. उन्हाळ्यात खिडकीत बसवलेला आपला साधा कूलर बाहेरची ताजी हवा आत ढकलतो आणि समोरची खिडकी उघडी असेल तर आतली हवा बाहेर जाते. बंद खोलीतला एसी तीच ती हवा फिरवतो. तोवर खोकणाऱ्यांना व्हरांड्याच्या वाऱ्याच्या टोकाला वेगळे बाक आणि तोंडाला मास्क, इतके तरी आजपासून करता येईल. मी हे तिथल्या सिस्टरांना सांगितले आहे. बाक हलवायला कोणाची परवानगी लागते हे मात्र अजून कोणालाच नक्की सांगता आलेले नाही.

आता गोळ्यांची खिडकी. भारतात एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या उपचाराची, मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. सुरुवातीला पांढऱ्या पेशींपैकी, प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या सीडी-४ पेशींची संख्या ठरावीक मर्यादेखाली गेल्याशिवाय औषध सुरू करत नसत. माणूस पुरता खंगल्यावर औषध हाती येण्याचा तो काळ इथल्या जुन्या रुग्णांना अजून आठवतो. नंतर मर्यादा वर वर सरकत गेली आणि २०१७ पासून निदान होताच सर्वांना औषध असे धोरण आले. हा बदल कोणाच्या मर्जीने झाला नाही. आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरातील दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, औषध लगेच सुरू केलेल्यांमध्ये मृत्यू आणि गंभीर आजार स्पष्टपणे कमी झाले आणि सहा महिने आयसोनायझिड देऊन क्षय टाळण्याचाही वेगळा फायदा दिसला. ते निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी २०११ मध्ये, नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या चाचणीने, ज्यांत पुणे आणि चेन्नई इथली जोडपीही होती, हे दाखवले होते की लागण झालेल्या जोडीदाराने लवकर औषध सुरू केले तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. समुपदेशक बाई आज नवराबायकोला समोर बसवून, गोळ्या नियमित घेतल्या आणि रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे ठामपणे सांगतात, तेव्हा त्या ठामपणाला या आणि अशा अभ्यासांचा आधार असतो. ही गोष्ट ऐकताना बायकांच्या चेहऱ्यावर जो सैलपणा येतो तो मी पाहिला आहे.

सध्या बहुतेक प्रौढांना मिळते ती गोळी टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधे एकाच गोळीत, दिवसातून एकदा. पूर्वीच्या गोळीने चक्कर यायची, भलतीसलती स्वप्ने पडायची आणि त्यापायी काही जण औषध सोडून द्यायचे; या गोळीने तो त्रास बराच कमी झाला. डोल्युटेग्रॅविर श्रीमंत देशांत आधी आले, पण आमच्यासारख्यांच्या कामाची माहिती आफ्रिकेतून मिळाली. कॅमेरून आणि दक्षिण आफ्रिकेतील ज्या दोन चाचण्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांत ही गोळी प्रभावी ठरली आणि तिच्यामुळे काही रुग्णांचे, विशेषतः बायकांचे, वजन वाढते हेही उघड झाले. गर्भधारणेच्या वेळी हे औषध चालू असल्यास बाळाच्या मज्जारज्जूत दोष राहण्याची जी शंका २०१८ मध्ये आली, ती बोट्सवानातल्या बाळंतपणांच्या नोंदींमधून आली आणि त्याच नोंदी वाढत गेल्यावर ती बऱ्याच अंशी फिटली. आमच्या खिडकीवर वजनकाटा आहे, वजनाची नोंदही होते, पण वाढलेल्या वजनाबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. त्याहून महत्त्वाचे एक राहून जाते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी डोल्युटेग्रॅविरबरोबर घेतल्या तर ते अंगी नीट लागत नाही; एकतर जेवणासोबत दोन्ही घ्याव्यात, नाहीतर एआरटीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. गरोदर बाईला एका खिडकीवर लोहाच्या गोळ्या आणि दुसऱ्या खिडकीवर टीएलडी मिळते, आणि दोन्ही खिडक्यांवरची माणसे एकमेकांकडे पाहत नाहीत. हे सांगायला अर्धा मिनिट लागतो.

याउलट क्षयरोगाच्या खोलीशी लिंकचा समन्वय चांगला आहे. एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला दर भेटीत खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्री घाम येणे हे चार प्रश्न विचारतात, आणि एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर लगेच बेडक्यासाठी डबी हातात देतात. बेडका ट्रूनॅट यंत्रावर तपासला जातो. गोव्यात तयार होणारे हे यंत्र बॅटरीवर चालते, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही आणि तासाभरात क्षयाचे जंतू आहेत की नाहीत ते कळते. असतील तर रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला ते दाद देतात का, हे पुढच्या चिपवर तपासता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. त्याआधीचे, २०१० मध्ये मान्यता मिळालेले परदेशी यंत्र उत्तम असले तरी त्याला स्थिर वीज आणि थंड खोली हवी, आणि आमच्याकडे या दोन्ही गोष्टींची टंचाई. ज्या रुग्णाला दोन्ही आजार आहेत त्याला रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅविर अपुरे पडते, म्हणून बारा तासांनी त्याची आणखी एक गोळी द्यावी लागते. हे इथे न चुकता केले जाते.

क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० ऐवजी १,००० रुपये झाली, हे स्वागतार्हच आहे. मात्र ती बँकेत जमा होते, आणि आधार जोडणीच्या घोळात ती पोहोचेपर्यंत कित्येकांचे अर्धे औषध संपलेले असते. झारखंडच्या चार जिल्ह्यांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरच्यांना धान्य आणि डाळ दिल्यावर त्या घरांतले नवे क्षयरोगी सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले होते. तिथे धान्य प्रत्यक्ष घरी गेले होते, आणि ते एकट्या रुग्णासाठी नव्हते, सगळ्या घरासाठी होते. दोन एकर कोरडवाहू कापसावर सहा तोंडे जगवणाऱ्या घरात रुग्णाच्या ताटात वेगळे वाढले जात नाही, हे योजना आखणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

गुप्तरोगांच्या उपचारासाठी जी खोली आहे, ‘सुरक्षा क्लिनिक’ असे तिचे नाव आहे, तिच्याबद्दल माझे मत चांगले नाही. लक्षणे ऐकून ठरावीक रंगाच्या पाकिटातली औषधे देण्याची पद्धत प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणांसाठी आखली गेली आणि पुरुषांच्या बाबतीत ती बरी चालते. बायकांच्या बाबतीत ती अपुरी पडते, आणि याचा पुरावा आपल्या विदर्भातच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी सहकाऱ्यांसह गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा किंवा लैंगिक असा एक तरी आजार आढळला, तक्रार मात्र ५५ टक्क्यांचीच होती आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. ज्या आजाराचे लक्षणच जाणवत नाही, तो लक्षणे विचारून कसा सापडणार? आमच्या खोलीत तपासणीचे टेबल आहे, पण पडदा नाही, आणि बाई डॉक्टर आठवड्यात क्वचितच असतात. बायका उंबरठ्यापर्यंत येतात, आतला पुरुष डॉक्टर पाहतात आणि “अंग दुखते” म्हणून गोळ्या घेऊन परततात. एक पडदा आणि ठरलेल्या वारी येणारी बाई डॉक्टर, एवढ्याने ही खोली बदलेल.

सर्वांत गंभीर उणीव प्रसूतिकक्षात आहे. एचआयव्ही असलेल्या आईवर काहीच उपचार झाले नाहीत तर गर्भारपण, बाळंतपण आणि स्तनपान धरून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला एआरटी आणि बाळाला नेव्हिरॅपिनचे औषध मिळाले तर ती पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. प्रत्येक बाधित गरोदर बाईला तत्काळ आणि आयुष्यभरासाठी औषध देण्याची पद्धत मलावीने २०११ मध्ये सुरू केली, कारण तिथे सीडी-४ मोजण्याची सोय सगळीकडे नव्हती. भारताने ती २०१४ पासून स्वीकारली. त्यामुळे ज्या बाईची पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झाली आहे तिच्यासाठी आमचे केंद्र उत्तम काम करते. आशाताई तिला घेऊन येतात, गोळ्या सुरू होतात, बाळ सहा आठवड्यांचे झाल्यावर त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते जाड कागदावर वाळवतात आणि कागद पाकिटातून प्रयोगशाळेकडे जातो. बर्फाची गरज पडत नाही.

प्रश्न आहे तो नोंद न झालेल्या बाईचा. मिरची तोडायला तेलंगणात गेलेली, वीटभट्टीवर असलेली किंवा माहेर-सासरच्या फेऱ्यांत दोन्हीकडे नाव न लागलेली बाई कळा सुरू झाल्यावर रात्री रुग्णालयात येते. रक्ताची खोली तेव्हा बंद असते, किट कुलपात असतात आणि किल्ली तंत्रज्ञांकडे. बाळ पहाटे जन्मते, दुपारच्या आत तपासणी झाली तर ठीक, नाहीतर सुटी मागून घरी जाण्याची घाई. नेव्हिरॅपिन जन्मानंतर लवकरात लवकर आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवे, आणि इथे ते तास कुलपामागे जातात. यावर काय करता येते हे शोधायला दूर जायला नको. सेवाग्रामच्याच प्रसूतिकक्षात कळा सुरू झालेल्या बायकांसाठी झटपट एचआयव्ही तपासणी चोवीस तास उपलब्ध करून, हिरड्यांवर फिरवलेल्या पट्टीचाही वापर करून, एक अभ्यास झाला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुसंख्य बायकांजवळ आधीच्या तपासणीचा कागद नव्हता, विचारल्यावर जवळजवळ सगळ्या तपासणीला तयार झाल्या आणि ग्रामीण रुग्णालयात हे जमते हे सिद्ध झाले. आमच्या दवाखान्यापासून सेवाग्राम काही तासांच्या अंतरावर आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासणारी किटे उपकेंद्रातल्या एएनएम, म्हणजे परिचारिका, वापरतात, मग रात्रपाळीच्या सिस्टरांना ती का देता येऊ नयेत? मी विचारल्यावर ‘तसा आदेश नाही’ असे उत्तर मिळाले. सिस्टर स्वतः तयार होत्या, हे नमूद करतो.

लिंकची वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. ज्या गावातून पहिली एसटी साडेदहाला निघते तिथल्या माणसाला काळी-पिवळीने यावे लागते. बायकांना २०२३ पासून एसटीचे तिकीट अर्धे लागते, ही मदत खरी आहे. पण कापसाच्या वेचणीचे पैसे किलोवर मिळतात आणि हंगामात बुडालेला दिवस परत मिळत नाही. दर महिन्याला अमुक दिवशी कामावर का येत नाही, असा प्रश्न मालकाने आणि शेजारणीने विचारायचा तो विचारतातच, आणि खोलीत सांभाळलेली गोपनीयता बांधावर उघडी पडते. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या गेल्या. स्थिरावलेल्या रुग्णांना आताही त्या मिळू शकतात, आणि परराज्यात कामाला जाणाऱ्या कुटुंबांना या केंद्राने त्या दिल्याचेही मला माहीत आहे, पण इतरांना साठा पाहून, कधी दोन महिन्यांच्या, कधी एकाच.

याबाबतीत आफ्रिकेतले अनुभव आमच्या अधिकाऱ्यांनी वाचावेत. मोझांबिकच्या टेटे प्रांतात २००८ पासून सहा-सहा रुग्णांचे गट करून दर खेपेला एकाने जाऊन सगळ्यांच्या गोळ्या आणायची पद्धत सुरू झाली. युगांडाच्या जिंजा भागात प्रशिक्षित कार्यकर्ते दुचाकीवर घरी औषधे पोहोचवत आणि प्रकृतीची विचारपूस करत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत त्या रुग्णांचे निकाल दवाखान्यात येणाऱ्यांच्या तोडीचे निघाले आणि रुग्णांच्या खिशाला पडणारी झळ कमी झाली. आमच्याकडे आजाराच्या नावाने गट करणे अवघड आहे, हे मी जाणतो. गावात कोणाला कळू नये म्हणूनच तर लोक शेजारच्या तालुक्यातल्या केंद्रात नाव नोंदवतात. तरीही एकाच घरातले दोघे-तिघे रुग्ण असतील तर एकाने सर्वांच्या गोळ्या न्याव्यात, एवढी मोकळीक आजच्या नियमांतही देता येईल. विषाणूभार मोजायला पाठवलेल्या रक्ताचा निकाल यायला लागणारा विलंब हीदेखील तक्रार आहे, पण तिचे कारण तालुक्याच्या बाहेर आहे, त्यामुळे त्यासाठी या केंद्राचे गुण कापत नाही.

गुणच द्यायचे तर तपासणी आणि समुपदेशनाला पाचपैकी पाच, गोळ्यांच्या उपलब्धतेला चार, क्षयरोगाच्या जोडकामाला चार, वेळ आणि अंतराच्या विचाराला दोन, सुरक्षा क्लिनिकला एक. रात्रीच्या प्रसूतिकक्षाला मी गुण देत नाही. समुपदेशक आणि तंत्रज्ञ यांची पदे कंत्राटी असूनही ती माणसे जे करतात त्याचे श्रेय या बाबीमुळे कमी होऊ नये, म्हणून ती वेगळी ठेवतो.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत पोहोचा, आधार कार्ड नसले तरी तपासणी होते, पैसे लागत नाहीत आणि कोणी मागितले तर देऊ नका. जायचे धाडस होत नसेल तर आधी १०९७ या मोफत क्रमांकावर बोला; तिथे नाव सांगावे लागत नाही. घरात गरोदर बाई असेल तर तिची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत करून घ्या आणि निकालाचा कागद तिच्या माता-बाल संरक्षण कार्डाच्या आत पिनने लावून ठेवा, म्हणजे कळा रात्री सुरू झाल्या आणि रक्ताची खोली बंद असली तरी ड्यूटीवरच्या सिस्टरांना हवे ते त्या कार्डातच सापडेल.